खांदा धरला, तरी हात बांधू नका



आटपाडीच्या रानात डाळिंबाची छाटणी, फवारणी सुरू झाली, की खांदे दुखायला लागतात. चार दिवसांच्या विश्रांतीने उतरते ते श्रमाचे दुखणे. पण हात पाठीमागे जात नाही, सदऱ्याची बाही चढवता येत नाही, त्या कुशीवर झोपवत नाही, असे आठवडेच्या आठवडे चालले, तर डॉक्टरांना दाखवा. खांदा आखडला असेल. सांध्याभोवतीचे आवरण सुजून आवळते. चाळीस ते साठ वयात हे जास्त आढळते, बायकांत अधिक आणि मधुमेह असलेल्यांत तर फारच. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखरही तपासून घ्या.

माझा खांदा धरला, तेव्हा मी हात गळ्यात बांधून बसलो. दोन महिन्यांत केसांत फणी फिरवता येईना. पडीक रान जसे कठीण होते, तसाच न हलवलेला सांधा.

आधी शेक घ्या. मग ओट्याला धरून वाका, दुखरा हात सैल सोडून झोक्यासारखा हलवा. भिंतीवर बोटे मुंगीसारखी वर चढवा. सोसेल तिथवरच. दिवसातून तीनदा करा. कोणाकडून हात ओढून, झटका देऊन घेऊ नका.

बरे व्हायला वर्ष-दोन वर्षे, कधी अधिकही लागतात. तोवर पाठीवरचा पंप आणि डोक्यावरचा भारा घरातल्या दुसऱ्याने उचलावा. त्यात कमीपणा नाही.

मात्र खांद्याबरोबर छातीत दाब आला, घाम फुटला, तर शेकत बसू नका. तडक दवाखाना गाठा.