चिंधी कामाला लावा

सुईदोरा : साप्ताहिक सदर

लग्नसराई सरता सरता उमरगा तालुक्यातल्या आपल्या मुरुमच्या कुठल्याही शिलाईच्या दुकानात डोकावा, मशिनखाली कातरणीचं पोतं भरलेलं असतं. काखेतले त्रिकोण, गळ्याचे अर्धगोल, अस्तराच्या पट्ट्या, काठ लावून उरलेली बोटभर किनार. तयार कपड्यांच्या धंद्यात दहा-पंधरा टक्के कापड कातरणीतच जातं असं धरतात. यातलं थोडं कापड ओळखीनं घरी येतं, बाकीचं घंटागाडीत जातं. घरी आलेल्या चिंध्यांचं काय करावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. चिंधीची वस्तू रोज वापरली जावी, मळावी आणि धुऊन दोरीवर पडावी. जी धुता येत नाही, तिच्यावर सुई-दोरा खर्चू नये.

हे सांगावं लागतं, कारण ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या नावाखाली हल्ली घरोघरी शोभेच्या वस्तू होतात. बाटलीला गुंडाळलेली लेस, पुठ्ठ्यावर डकवलेली कापडी फुलं, भिंतीवर टांगायची झुंबरं. दोन रुपयांची चिंधी वापरायची म्हणून बाजारातून मणी, टिकल्या आणि गोंद विकत आणतात. चार महिन्यांत त्यावर धूळ बसते, झटकली तरी निघत नाही, आणि गोंदासकट सगळं कचऱ्यात जातं. यात कापड वाचत नाही आणि पैसाही वाचत नाही.

आपल्या भागात चिंधीचा खरा मान गोधडीनं राखला. सीमेपलीकडे कर्नाटकात, आळंद-कलबुर्गीकडे तिला कौदी म्हणतात. खाली जुनं लुगडं किंवा धोतर ताणून अंथरायचं, मध्ये चिरगुटांचे थर सारखे पसरायचे, वर धडके तुकडे मांडायचे आणि कडेपासून धावदोरा घालत आत सरकायचं. थरांच्या मध्ये हवा अडकते म्हणून ऊब येते, आणि टाके जवळ असले म्हणजे आतलं चिरगुट धुताना गोळा होत नाही. नवरात्राआधी घरातली सगळी पांघरुणं धुवायला निघतात, तेव्हा कोणाच्या हाताचा टाका किती पक्का ते कळतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर तुकड्यांच्या घड्यांची ‘फुला’ बसवतात. ती नसली तर गोधडी उघडी दिसते, असं त्या मानतात. सौंदर्य हवंच, पण ते असं कामाच्या वस्तूवर चढावं.

गोधडी मोठं काम आहे, तिला जागा आणि फुरसत लागते. तोवर गाठोडं माळ्यावर टाकलं की त्यात उंदीर शिरतात. म्हणून लहान वस्तू करत गाठोडं हलतं ठेवावं. पण आधी निवड करा. कापडावर पाण्याचा थेंब टाका; सुती लगेच पितं, पॉलिस्टरवर तो बहुधा थांबतो. तरीही शंका राहिली तर दोन धागे चिमट्यात धरून पेटवा. सुती कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. म्हणूनच गरम पातेलं उतरायच्या फडक्यात पॉलिस्टरचा एकही तुकडा नको. वितळलं तर ते हाताला चिकटतं. असली कातरण बंबातही घालू नये, तिचा धूर छातीत जातो. आणि नवं सुती कापड जोडण्याआधी एकदा भिजवून वाळवा. नवं आटतं, जुनं आटत नाही, मग पहिल्याच धुण्यात शिवण ओढली जाते.

निवड झाली की कामं आपोआप सुचतात. मऊ झालेल्या धोतराचं दुपदरी फडकं भाकरीच्या दुरडीत घाला. वाफ कापडात मुरते, भाकरी ओली होत नाही. लुगड्याच्या तुकड्यांची कुंची आणि दुपटं बाळंतिणीसाठी करा, तान्ह्याच्या अंगाला वापरलेलंच कापड सोसतं. पॉलिस्टरचे चौकोन दुमडून त्रिकोण करा आणि गोणपाटावर ओळीनं शिवून पायपुसणं बनवा. ते लवकर वाळतं.

सगळ्यात गरजेची वस्तू पिशवी. 2018 मध्ये राज्यानं प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, तरी बाजारात भाजी अजून पातळ पिशवीतच मिळते, कारण आपण रिकाम्या हातानं जातो. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या जोडून सोळा इंच उंच, चौदा इंच रुंद असे दोन पल्ले करा. आत जुन्या चादरीचं अस्तर घाला. बंद खांद्यावर येण्याइतके लांब ठेवा. बंद जिथे बसतो तिथे चौकोनी टीप मारून तिच्यात फुली घाला. पिशवी फाटते ती इथेच. ही फुली असली तर चार किलो कांदे आले तरी बंद निघत नाही.

हे शिकवायला शाळेत कार्यानुभवाचा तास आहे. तिथे मुलगा असो की मुलगी, प्रत्येकानं धावदोरा, टीप, हेम आणि बटण शिकावं. गुण मात्र वस्तू महिनाभर घरात वापरून, धुऊन आणल्यावर द्यावेत. मग आईनं रात्री जागून केलेला देखावा शाळेत येणार नाही.

बचत गटांसाठीही यात काम आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आपल्या उमरगा तालुक्यासह लातूर-धाराशिवच्या बायका गटांत बसून हिशेब शिकल्या. 2024-25 मध्ये शाळांच्या गणवेशांची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत (माविम) बचत गटांकडे आली होती. मशिनी आहेत, हात आहेत. मात्र कापड फुकट मिळालं म्हणून शिलाई फुकट होत नाही. पिशवीचे जेवढे तास, तेवढी मजुरी किमतीत धरा, आणि घेणाऱ्यानं ती घासाघीस न करता द्यावी. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आयांच्या श्रमाला कोणी किंमत लावली नाही. तीच चूक पुढच्या पिढीच्या वाट्याला देऊ नये.

मुरुमच्या शिलाईवाल्यांना माझी विनंती साधी आहे. दुकानात दोन पोती ठेवा, एक सुतीसाठी, एक पॉलिस्टरसाठी, आणि मागेल त्याला ती द्या. नगरपरिषदेनंही ही कातरण ओल्या कचऱ्यात मिसळू देऊ नये, गटांपर्यंत पोहोचवावी. एवढं झालं तर या दिवाळीच्या बाजारात मुरुमच्या चिंध्यांची पिशवी मुरुमकरांच्या हातात दिसायला काहीच हरकत नाही.