पाय मोडलेलं अक्षर

धाकट्या भाच्याच्या मुंजीच्या तयारीसाठी बहिणीकडे, बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरला गेलो होतो. थोरल्या भाच्याने पाकिटांवर नावं छापणारा दहा-बारा ओळींचा पायथन प्रोग्राम लिहिला होता. यादी आमच्या अव्वाने फोनवरून सांगितलेली, निम्मी मराठीत, निम्मी कन्नड लिपीत. आमच्याकडच्या मावश्यांना पाकिटावर आपलं अक्षर लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.

"मामा, फाइल सापडत नाही म्हणतोय." हा घोटाळा सोपा निघाला. विंडोज नावाचं शेपूट लपवतं. याने नाव बदलताना पुन्हा टीएक्सटी लिहिलं होतं, म्हणजे शेपटाला शेपूट.

ते काढलं तर नवीनच चूक: बाइट ८डी वाचता येत नाही. मग एकेक नाव घालून पाहिलं. 'कमल' घातलं तर डोक्यावर रेघ असलेले रोमन ए आणि कसलीकसली चिन्हं उमटली, पण प्रोग्राम चालला. 'सुमन' घातलं की बंद. 'लक्ष्मी' घातलं की बंद, मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये!

नोटपॅडने यादी यूटीएफ-८ पद्धतीने साठवली होती. तीत आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. त्याच्या संगणकावरचा पायथन मात्र ती युरोपीय भाषांच्या जुन्या तक्त्याने वाचत होता, आणि त्या तक्त्यात ८१, ८डी अशी ५ घरं रिकामी आहेत. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, पाय मोडण्याच्या चिन्हाचा ८डी. कन्नडमध्येही अगदी तेच! युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी 'इस्की' या आपल्याकडच्या जुन्या तक्त्यावरून घेतली, म्हणून दोन्ही भाषांतली चिन्हं आपापल्या रांगेत एकाच जागी बसतात. आपल्या घरात दोन्ही भाषा जशा एका चुलीवर शिजतात, तसंच म्हणा.

हे उमगेपर्यंत भाचा वैतागला होता. 'आर' ऐवजी 'डब्ल्यू' लावून बघू, म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत एंटर दाबलं गेलं. 'डब्ल्यू' म्हणजे लिहिण्यासाठी उघडणं. त्यात काही लिहिण्याआधीच, उघडताक्षणी, जुनं सगळं पुसलं जातं. मागे जोडायचं तर 'ए' लावावं लागतं. यादी शून्य बाइट. बहीण दारातून नुसती बघत राहिली.

मी पाठवलेली जुनी प्रत ईमेलमध्ये मिळाली. या खेपेस आधी तिची नक्कल केली, मग ओपनच्या कंसात एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहिलं. पाकिटं छापली गेली. पण अव्वाने नंतर सांगितलेली ११ नावं त्या प्रतीत नव्हती. भीतभीतच फोन केला.

"मत्त हेळ्ली?" म्हणाली. पुन्हा सांगू? आणि सांगत गेली. मोजली तर १३ भरली. ही जास्तीची दोन कुठली, विचारलं, तर म्हणाली, "तेव्हा त्यांच्यावर रागावले होते."