आधी कोणाला कळलं?

जानेवारी १७६१. पानिपतावर काय झालं, हे नानासाहेब पेशव्यांना नेमकं ठाऊक नव्हतं. उत्तरेच्या वाटेवर त्यांच्या हाती एक पत्र लागलं, तेही त्यांना लिहिलेलं नव्हे. सावकाराचा कासीद ते दक्षिणेत नेत होता. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये नि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा मजकूर. त्या दोन मोत्यांत पेशव्यांनी मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ वाचले. प्रसंग शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्याची फौज बुडाली त्याच्यासाठी नव्हे, पेढीसाठी ही बातमी धावत होती, हे आपण सहसा बोलत नाही. हुंडीचा व्यवहार करणाऱ्याला खबर आधी लागे. माहिती हा माल होता.

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं, पुढे तार आली आणि बातमी चारचौघांची झाली.

खरी उलथापालथ १९४८ साली अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत झाली. क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजायला घेतली आणि त्यासाठी अर्थालाच बाहेर बसवलं. जितकं अनपेक्षित, तितकी माहिती जास्त. नाणेफेकीचा निकाल म्हणजे एक बिट, मग पैज चहाची असो की राज्याची. या हिशेबानं दिवाळीत येणाऱ्या शुभेच्छांत माहिती जवळजवळ शून्य भरते. अर्थाचं ओझं उतरलं म्हणून तर गाणं, फोटो, बँकेचा हिशेब सगळं एकाच तारेतून धावू लागलं. त्याच ओघात आपणही वाहिलो: कुठे थांबलो, काय घेतलं, रात्री कितीपर्यंत जागे होतो. पेढ्या आता आपलीच खबर ठेवतात.

उलट दिशेनं एकच दार उघडलं होतं. महाराष्ट्रात २००२ साली आणि देशभर २००५ साली माहिती हा कायद्यानं हक्क झाला. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, तीस दिवसांत उत्तर. रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागा, हजेरीपट मागा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यानं मात्र माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधली वैयक्तिक माहितीची तरतूद बदलली. त्या तरतुदीतला व्यापक जनहिताचा अपवाद काढून टाकला. जनहित मोठं असेल तर माहिती देऊ देणारं कलम ८(२) शाबूत आहे, असं सरकार म्हणतं. पण खिडकीपलीकडच्या कारकुनाला नकार लिहायला ‘वैयक्तिक’ एवढा एक शब्द पुरतो. खासगीपणा आम्हालाही हवाच आहे. रस्त्याचं बिल कोणाच्या सहीनं निघालं, ही मात्र कोणाची खासगी बाब नव्हे.