खाणीतलं झिओलाइट, विमानातलं झिओलाइट

अजिंठ्याच्या पायथ्याशी गाडी थांबली की झोळी लावलेले विक्रेते गराडा घालतात. वर्तमानपत्राच्या बोळ्यातून काळ्या दगडाचा फुटका गोळा निघतो. बाहेरून ओबडधोबड, आतून लखलखता. आतले स्फटिक पुष्कळदा साध्या गारेचे असतात. पण गवताची पेंढी मधोमध आवळून बांधावी तसा फिकट गुलाबी झुपका दिसला, तर ते बहुधा स्टिल्बाइट, म्हणजे झिओलाइट. दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साचत गेली. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत आणि विहिरींत सापडलेले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं खास संग्रहालयच आहे.

आणि मे 2021 मध्ये, कोविडच्या साथीत प्राणवायूसाठी देश धापा टाकत असताना, एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बेंगळुरूला काय आणलं? झिओलाइट!

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणायचा मोह होतो. म्हण इथे बसत नाही. खाणीतला नमुना निघतो ओंजळभर, प्राणवायूच्या प्लांटला दाणे लागतात टनावारी. शिवाय प्राणवायूसाठी लागतं ते ‘एक्स’ जातीचं झिओलाइट. त्याच रचनेचं फोजासाइट हे खनिज निसर्गात दुर्मीळ आहे. म्हणून ते कारखान्यात घडवावं लागतं.

झिओलाइट म्हणजे ‘उकळणारा दगड’. 1756 मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोनस्टेटने असा दगड ज्योतीत धरला, तेव्हा आतलं पाणी वाफ होऊन तो फसफसला. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या सांगाड्यात रेणूंच्या मापाच्या खोल्या, त्यांत हे पाणी. असा सांगाडा तयार व्हायला ज्वालामुखीचीच धग हवी, हा समज युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टनने मोडला. 1949 च्या सुमारास त्याने सोडियम सिलिकेट, सोडियम अ‍ॅल्युमिनेट आणि कॉस्टिक यांची लापशी पाणी उकळेल एवढ्याच आचेवर काही तास ठेवली. खाली बसली ती पांढरी भुकटी. संग्रहालयात तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही.

या भुकटीत चिकटण बनणारी माती मिसळून मणी वळतात, भाजतात आणि टाकीत भरतात. या भुकटीला ‘रेणूंची चाळणी’ म्हणतात. साखर कारखान्यांच्या इथेनॉल प्लांटमध्ये ते नाव सार्थ आहे. तिथे पाण्याचा रेणू भोकातून आत शिरतो, अल्कोहोलचा जरासा थोराड रेणू बाहेर राहतो. प्राणवायूच्या प्लांटमध्ये मात्र मापाचा प्रश्नच नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही आत जातात. दाब वाढला की सांगाड्यातले धनभारित आयन नायट्रोजनला अधिक घट्ट धरतात आणि ऑक्सिजन पुढे निघतो. मग दाब सोडायचा, नायट्रोजन बाहेर फेकायचा. एक टाकी काम करते तेव्हा दुसरी मोकळी होत असते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा दर काही सेकंदांनी येणारा ‘फुस्स’ आवाज तो हाच. हवेतला आर्गॉन ऑक्सिजनबरोबर निसटतो, त्यामुळे शुद्धता साधारण 95 टक्क्यांच्या आसपास अडते.

2021 च्या एप्रिलमध्ये मुंबई आयआयटीने नायट्रोजनच्या प्लांटमधले कार्बनचे दाणे काढून झिओलाइट भरलं आणि 93 ते 96 टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळवून दाखवला. देशात या विषयातली अक्कल कमी नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं ‘एन्सिलाइट’ हे झिओलाइट 1980 च्या दशकातच पेट्रोकेमिकल उद्योगापर्यंत पोचलं होतं. तोकडी पडली ती ऐन गरजेला, एकसारख्या गुणाचा माल टनावारी काढण्याची तयारी. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना धातू-सेंद्रिय सांगाड्यांसाठी मिळालं, म्हणजे सच्छिद्र पदार्थांसाठीच. त्या बातमीवर खूश होताना टनावारी उत्पादनाची ही उणीव ध्यानात असलेली बरी.

आणखी एक गोष्ट. कोरडे मणी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाकले, तर बुडबुडे सुटतात आणि चटका बसावा इतके ते तापतात. पाण्याशी त्यांची गट्टी इतकी, की ओलावा शिरला की नायट्रोजनला जागाच उरत नाही. साथीनंतर बंद राहिलेल्या प्लांटची पाहणी करणाऱ्या साहेबांनी म्हणूनच कोनशिला आणि ताजा रंग नंतर बघावा. आधी हवा सुकवणारा ड्रायर चालतो का ते विचारावं आणि नळीच्या टोकाला मीटर लावून टक्केवारी वाचावी.