शोकांतिका आणि देवापुढील गाऱ्हाणें

मराठी टीकाकारांत एक मत फार दिवस रूढ आहे, आणि तें आतां इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, त्याचा पुरावा मागण्याची कोणास आठवणही होत नाहीं. मत असें: खरी शोकांतिका श्रद्धा मेल्यावरच जन्मते, जर्मनांचा देव हरवला म्हणून त्यांस ती साधली, मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसास देवळाची पायरी सुटत नाहीं, म्हणून त्याच्या हातून दशावतारापलीकडे कांहीं व्हावयाचें नाहीं. या मताचा आम्ही स्पष्ट निषेध करतों. तें कोंकणाविषयीं चूक आहेच; परंतु ज्या जर्मन नाटकांच्या नांवानें तें सांगितलें जातें, त्यांविषयींही तें तितकेंच चूक आहे.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार लेसिंग. हँबुर्गच्या नाट्यगृहासाठीं १७६७ ते १७६९ या काळांत लिहिलेल्या लेखांत त्यानें ख्रिस्ती हुतात्म्यांच्या शोकांतिकांवर आक्षेप घेतला. ज्यास मरणापलीकडच्या बक्षिसाची खात्री आहे, त्याच्या मरणानें प्रेक्षकाचें काळीज कसें हलावें, असा त्याचा रोख होता. प्रश्न रास्त आहे. परंतु आक्षेप आहे तो बक्षिसाच्या आशेवर, श्रद्धेवर नव्हे. त्याच लेसिंगचा ‘नाथान’ (१७७९) पाहावा. ख्रिस्त्यांनीं त्याची बायको व सात मुलगे जाळून मारले. तीन दिवस आणि तीन रात्री तो राखेंत पडून देवापुढें रडला, देवाशीं भांडला. आणि त्यानंतर एका ख्रिस्ती अनाथ मुलीस त्यानें उराशीं धरलें. हें नाटक शोकान्त नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु त्याच्या पोटांत जी शोकांतिका आहे, ती देव नसल्याची नव्हे. देव असून हें घडलें, याची आहे.

गटेच्या ‘फौस्ट’चा पहिला भाग १८०८ सालीं प्रसिद्ध झाला. सर्व शास्त्रें पालथीं घालून निराश झालेला फौस्ट विषाचा पेला ओठांशीं नेतो, तोंच ईस्टरच्या घंटा वाजतात. गेलेली श्रद्धा परत येत नाहीं. परंतु बालपणच्या श्रद्धेची आठवण त्याचा हात धरते. आणि या नाटकांत अधिक पिळवटून टाकणारें दुःख कोणाचें? संशयी फौस्टचें कीं भाविक ग्रेटखेनचें? धर्माविषयीं विचारलेल्या तिच्या साध्या प्रश्नास तो पंडित गोलमाल उत्तर देतो. तुरुंगाचें दार उघडें असतां ती मात्र पळून न जातां देवाच्या न्यायास शरण जाते. ब्युखनरच्या ‘दांतोंचा मृत्यु’ (१८३५) या नाटकांतील कैदी तर जगांतल्या वेदनेचा पुरावा देवाविरुद्धच मांडतात. पण फिर्याद ज्याच्यावर करावयाची, तो न्यायासनासमोर असावा लागतो! ज्यास श्रद्धा कधीं नव्हतीच, त्याचें हरवणार काय?

आतां कोंकणांत या. येथें गांवदेवापुढें म्हणावयाच्या प्रार्थनेचें नांवच मुळीं ‘गाऱ्हाणें’ आहे. एकानें गांवाचें दुःख देवास सांगावें, सर्वांनीं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करावें. कौल लावून देवास उत्तर देण्यास भाग पाडणारी ही माणसें आहेत. त्यांस कोणी मुकीं मेंढरें म्हणूं नये. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहिला, आणि तरी होडी परतली नाहीं, तर त्या घरच्या बाईच्या मनांत कोणता प्रश्न उभा राहतो, हें शोधण्यास नाटककारानें वायमारास जावयास नको. दशावतारांत संकासुर वेद चोरतो, आणि देव त्याचा वध करीपर्यंत त्याच्या थट्टेवर देवळाच्याच आवारांत लोक पोट धरून हसतात. पहांटेपर्यंत देवाचा पक्ष जिंकतो, म्हणून दशावतार ही शोकांतिका नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जमीन नापीक आहे, असें कोणीं ठरविलें?

पुरावा हवा असेल तर याच मातीचा आहे. चिं. त्र्यं. खानोलकर १९३० सालीं वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोलीच्या परिसरांत जन्मले. १९६६ च्या ‘कोंडुरा’ कादंबरीत त्यांनीं दैवी वरदानावर विसंबलेल्या माणसाची होरपळ मांडली. ती परक्या पुस्तकांतून उचललेली निराशा नव्हे. देवाचें बोलणें ज्यास ऐकूं येतें, त्याच्याच वांट्यास आलेली ती आहे. याच खानोलकरांनीं पुढें ब्रेख्तचें नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून मराठींत आणलें. जर्मन रंगभूमीशीं त्यांनीं उसनवारी केली नाहीं. बरोबरीच्या नात्यानें व्यवहार केला.

दुसरा एक पक्ष आहे, त्यासही दोन शब्द सांगितले पाहिजेत. देवळाच्या रंगभूमीवर देवास प्रश्न विचारणें हें पाप, असें तो म्हणतो. गाऱ्हाण्यांतील तक्रार काढून टाकली तर उरेल तें निव्वळ तोंडपुजेपण. आणि तोंडपुजेपणानें देव राहत नाहीं, नाटकही राहत नाहीं. एक पक्ष तरुण लेखकास सांगतो, देव सोड म्हणजे लेखक होशील; दुसरा सांगतो, प्रश्न सोड म्हणजे भक्त राहशील. दोघेही त्याच्या हातचें दुःखच काढून घेतात. त्यानें दोघांचेंही ऐकूं नये. देवळाच्या पायरीवर उभें राहावें, गाऱ्हाणें पुरें म्हणावें, आणि उत्तर आलें नाहीं तर तें आलें नाहीं, असें निर्भयपणें लिहावें. मराठी शोकांतिका तेथेंच आहे.