रेक्टर कुठे राहतो?

पुण्यात शिकत होतो तेव्हा आमच्या वसतिगृहाला एक रेक्टर होते. त्यांचा चेहरा आज नीट आठवत नाही, सही मात्र डोळे मिटून काढून दाखवीन. हजेरीच्या वहीत, उशिरा येण्याच्या परवानगीवर, मेसच्या थकबाकीच्या नोटिशीखाली तीच सही. माझा रूम पार्टनर एकदा चार दिवस तापानं फणफणत पडला होता. चारही रात्री त्याच्या नावापुढे गैरहजेरीची फुली पडली आणि पाचव्या दिवशी दंडाची चिठ्ठी दाराखालून आत आली. रेक्टर म्हणजे असंच काहीतरी असतं, ही माझी समजूत पुढे तीसेक वर्षं टिकली.

ती मोडली भाचीनं. ती अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकते. (नाव फ्रेंच आहे, पण तिथे सगळे असंच म्हणतात, म्हणून मीही.) पहिल्या आठवड्यातच तिचा फोन आला, "मामा, आमची रेक्टर आमच्याच हॉलमध्ये राहते. दार उघडं ठेवते. आणि तिला माझं आडनावसुद्धा म्हणता येतं!" तिचं आडनाव पुण्यातल्या बँकेतही धड म्हणत नाहीत.

होली क्रॉस संघाच्या एडवर्ड सोरिन या फ्रेंच पाद्र्यानं १८४२ मध्ये हे विद्यापीठ काढलं. मुलींना पदवीसाठी दार उघडायला १९७२ उजाडलं. आज पदवीचे सुमारे नऊ हजार विद्यार्थी आहेत, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या मानानं चिमुकला कारभार. इथल्या फुटबॉल संघाचं वेड अमेरिकाभर आहे. त्यावर लिहायला माझ्यापेक्षा हौशी लोक आहेत, मला रस आहे तो राहण्याच्या पद्धतीत.

तीसहून जास्त हॉल आहेत, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. पहिल्या वर्षी कोण कुठे जाणार हे विद्यापीठ ठरवतं. बापाचा पैसा किंवा मुलाचे मार्क बघून हॉल मिळत नाही. इतरत्र श्रीमंत पोरांचे जे 'फ्रॅटर्निटी' नावाचे कंपू असतात, त्यांना इथे थारा नाही. सहा सत्रं आवारातच राहायचं, आणि बहुतेक जण ती एकाच हॉलमध्ये काढतात. त्यामुळे इंजिनिअरिंगचा पोरगा, इतिहासाचा पोरगा आणि बासरी वाजवणारा पोरगा तीन वर्षं एकाच बाथरूमच्या रांगेत उभे राहतात. प्रत्येक हॉलला स्वतःचं छोटं चॅपल आहे. रविवारी रात्री उशिरा तिथे मिस्सा होते, पोरं हाफ पँट आणि सपाता घालून येतात. सुमारे ऐंशी टक्के विद्यार्थी कॅथलिक आहेत. आमची भाची कशातच नाही, तरी ती जाते. मिस्सेनंतर खायला मिळतं, हे तिनं दिलेलं कारण.

नियमही आहेत. मुलांनी मुलींच्या हॉलमधून आणि मुलींनी मुलांच्या हॉलमधून रात्री बाराला बाहेर पडायचं, शुक्रवारी-शनिवारी दोनला. याला 'पॅरायटल्स' म्हणतात आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं त्यावर बोटं मोडत आले आहेत. भाचीही चिडली, "अमेरिकेत येऊन पुन्हा हॉस्टेलची घंटाच!" मलाही तो नियम जुनाट वाटतो. पण तो मुलामुलींना सारखा लागू आहे. आपल्याकडे मुलींच्या वसतिगृहाचं फाटक दिवेलागणीला बंद होतं आणि मुलांचं फाटक कुठे आहे हे कुणाला ठाऊकही नसतं.

दुसरा धक्का अभ्यासाचा. "मामा, उद्या थिऑलॉजीचं सबमिशन आहे," असं ती म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही काहीतरी लपवतेय, बहुधा कॉम्प्युटर सोडलं. नाही. शाखा कुठलीही असो, धर्मशास्त्राचे दोन अभ्यासक्रम आणि तत्त्वज्ञानाचा किमान एक सगळ्यांनाच सक्तीचा. श्रद्धा असण्याची सक्ती नाही, वाचण्याची आहे. तिला बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक आलं, ज्यात निरपराध माणसावर संकटांमागून संकटं कोसळतात. तिनं आजीला फोन लावला. आजी म्हणाली, संचित. भाचीनं तेही निबंधात घातलं. कागद परत आला तेव्हा समासात प्राध्यापकांचा प्रश्न होता: ईयोबाच्या मित्रांचं म्हणणंही असंच होतं ना? मग तुझी आजी त्यांच्या बाजूची की त्याच्या? त्यावर मायलेकी आणि नात तिघींचा रविवारी व्हिडिओ कॉलवर दीड तास वाद झाला.

तिथेच मेगन सुलिव्हान या प्राध्यापिकेनं 'गॉड अँड द गुड लाइफ' नावाचा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम उभा केला. त्यात शेवटी विद्यार्थ्याला स्वतःच्या जगण्याचं समर्थन लिहावं लागतं. त्याला क्वेश्चन बँक नसते.

आता आपल्याकडे या. नव्या शैक्षणिक धोरणानं चार वर्षांची पदवी आणली, मेजर-मायनर आणले, क्रेडिट आणले. व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षण, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली, सीईपी म्हणजे समाजसंपर्क. कागदावर बघितलं तर आपण नोटर डेमच्या शेजारी जाऊन बसलो. पण व्हीईसी शिकवणार कोण, असं मी एका प्राचार्यांना विचारलं. ते प्रामाणिक निघाले. "ज्यांचा वर्कलोड कमी भरतोय ते."

एक गोष्ट मात्र संस्थाचालकांनी मुद्दाम वाचावी. १९६७ मध्ये थिओडोर हेसबर्ग हे पाद्री नोटर डेमचे अध्यक्ष होते. कॅथलिक विद्यापीठाला खरी स्वायत्तता आणि अध्यापनाचं स्वातंत्र्य हवं, मग ते बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून असो वा चर्चच्या, असं त्यांनी इतरांसह जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी त्यांच्या होली क्रॉस संघानं विद्यापीठाची मालकी स्वतःच्या हातातून सोडून पाद्री नसलेल्यांचा भरणा असलेल्या विश्वस्त मंडळाकडे दिली. अध्यक्ष आजही त्या संघाचाच पाद्री असतो, हे खरं. पण सव्वाशे वर्षं वाढवलेली संस्था आपणहून मंडळाच्या हाती देणं आणि अध्यक्षाची खुर्ची चिरंजीवांसाठी पुसून ठेवणं यात जो फरक आहे, तो महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

हे सगळं स्वस्तात होत नाही. तिथला वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरांच्या वर जातो. आर्थिक मदत मिळाली नसती तर भाची विमानात बसलीच नसती. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, हे मला कबूल. पण रेक्टरला वसतिगृहातच दोन खोल्या द्यायला आणि तिथे राहील असा माणूस नेमायला किती लागतो? ताप आलेल्या पोराचं दार ठोठावायला किती?

भाचीचं आता शेवटचं वर्ष. आवाराबाहेर घर घेण्याची मुभा होती, ती नाकारून तिनं हॉलमध्येच मजल्याची जबाबदारी घेतली आहे. ऑगस्टमध्ये नव्या मुली येतील. त्यांची नावं, फोटो आणि गावं तिच्याकडे आली आहेत. फोनवर ती मला ती म्हणून दाखवते, आणि एका पोलिश आडनावाशी मघापासून झटतेय.