श्वास कुणाचा, पट्टी कुणाची?

फुप्फुसाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की आपण एकच आकडा शोधतो: टक्के. मार्कलिस्ट वाचून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला तो ओळखीचा वाटतो. पण मार्कलिस्टवर 'पैकी' छापलेलं असतं. इथले टक्के कशाचे, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते या तपासणीतलं सगळं राजकारण त्याच प्रश्नात आहे.

आधी तपासणी समजून घेऊ. स्पायरोमीटरच्या नळीत आपण छातीभर घेतलेला श्वास जोराने सोडतो. एकूण किती हवा बाहेर आली आणि पहिल्या सेकंदात किती आली, हे यंत्र मोजतं. कितीही जोर लावला तरी साधारण एक-सव्वा लिटर हवा आतच राहते. ती मोजायची तर हेलियम मिसळलेली हवा श्वासातून द्यावी लागते, किंवा शुद्ध ऑक्सिजन देऊन आतला नायट्रोजन बाहेर काढून मोजावा लागतो, नाहीतर रुग्णाला बंद पेटीत बसवून दाबाच्या फरकावरून हिशेब करावा लागतो. अशी पेटी मोठ्या रुग्णालयांतच असते. कामगाराच्या वाट्याला आलंच तर स्पायरोमीटर येतं, किंवा पीक फ्लो मीटरची साधी नळी.

यंत्र लिटर मोजतं. त्याचे टक्के होतात ते 'तुमच्यासारख्या' निरोगी माणसाशी तुलना केल्यावर. वय, उंची, लिंग यांची तुलना समजते. पण कित्येक दशकं या हिशेबात वंशही धरला गेला. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये लंडनमध्ये दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून उंचीशी त्याचा संबंध दाखवला. काही वर्षांतच अमेरिकेतला गुलामगिरीचा समर्थक डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट याने तेच यंत्र वापरून काळ्या माणसाची फुप्फुसं सुमारे २० टक्के कमी पडतात असं मांडलं आणि सक्तीची मेहनत त्याच्या भल्याचीच ठरवली. पुढे यंत्रांमध्ये काळ्यांसाठी १० ते १५ टक्के आणि आशियाई लोकांसाठी ४ ते ६ टक्के वजावट सर्रास बसवली गेली. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश न धरणारं सूत्र वापरावं अशी शिफारस केली.

हे मी कोलकात्यातून लिहितो आहे, आणि माणसं मोजण्याचा या शहराचा इतिहास जुना आहे. हर्बर्ट रिस्ले याने बंगालच्या जाती-जमातींवरचे ग्रंथ १८९१ मध्ये इथूनच छापले. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकांच्या मोजमापाचेच आकडे घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे त्यांच्यावरूनच दाखवलं. मोजमाप नाकारायचं नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासायचा, हा त्यातला धडा.

तोच धडा फुप्फुसाला लावू. कोलकात्यातल्या संशोधकांनी शहरातल्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांचे आकडे १९८८ मध्ये आणि स्त्रियांचे १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. परक्यांच्या पट्टीपेक्षा आपल्या माणसांवरून केलेली पट्टी बरी, यात शंका नाही. पण 'भारतीय नॉर्मल' म्हणजे नेमका कोणता भारतीय? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या शहरी मुलांची फुप्फुसं ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या मुलांइतकीच भरली, निमशहरी आणि ग्रामीण मुलांची मात्र कमी. वंश एकच, ताट आणि घर वेगळं. चुलीचा धूर आणि अर्धपोटी बालपण यांमुळे आक्रसलेल्या छातीला आपण 'नॉर्मल' म्हटलं, तर अन्यायच निसर्ग म्हणून नोंदवला जातो.

उलट बाजूही आहे. पट्टी कडक केली की तोच कामगार 'अनफिट' ठरून त्याची नोकरी जाऊ शकते. मग करायचं काय?

उत्तर हुगळीकाठच्या ज्यूट गिरण्यांत सापडतं. रिशड्यात १८५५ मध्ये पहिली गिरणी उभी राहिली, आणि पुढे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आंध्रमधून आलेल्या दलित, मुस्लिम, मागास जातींच्या माणसांनी या गिरण्यांची धूळ छातीत घेतली. कोलकात्याच्या प्रादेशिक व्यावसायिक आरोग्य केंद्रातल्या संशोधकांनी या कामगारांमधल्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. या आजारात एक पद्धत फार मोलाची ठरते: श्वास पाळीआधी मोजायचा आणि पाळी संपल्यावर पुन्हा मोजायचा. इथे तुलना माणसाची त्याच्या स्वतःशीच. सकाळी फुंकलेले लिटर संध्याकाळी घटले, तर दोष धुळीचा. वंश, जात, उंची यांतली कोणतीही सबब तिथे टिकत नाही.

तरीही नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत बिसिनोसिससमोर कापूस, फ्लॅक्स, हेम्प आणि सिसल यांच्या धुळीची नावं होती. ज्यूटचं नाव नव्हतं. ज्या धुळीवर बंगालचा उद्योग उभा राहिला, तीच यादीबाहेर.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सफाई कामगार असो, खाणकामगार असो वा गिरणीकामगार, कामावर घेतानाच त्याची स्पायरोमेट्री व्हावी, दरवर्षी ती पुन्हा व्हावी आणि लिटरमधले आकडे असलेली प्रत त्याच्या हातात पडावी. तो आकडा त्याला काढून टाकायला नाही, धूळ कमी करायला वापरला जावा. आणि यादीत ज्यूटचा समावेश व्हावा.

आपल्यातले काही डॉक्टर होतील, काही तंत्रज्ञ, काही कामगार कार्यालयात अधिकारी. रिपोर्टवर कोणतं सूत्र लावलंय ते वाचा. घरच्यांचे जुने रिपोर्ट जपून ठेवा, नवे त्यांच्याशी ताडून पाहा. आपल्या आईबापांचा श्वास किती घटला, हे दुसऱ्या कुणाच्या छातीवरून ठरू देऊ नका.